पुढच्या चाकावरचे तूप

अर्जदार दत्तात्रय भिकाजी सोनटक्के, मूळ राहणार बार्शी, हल्ली मुक्काम अमेरिकेत वेस्ट विंडसर, लेकीच्या घरी. ज्याच्या वतीने तक्रार तो जावई गोन्सालो, जन्माने स्पॅनिश, धंद्याने मोटारसायकलचा शर्यतपटू. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते श्री. अविनाश कारखेले, हर्नडनचे सॉफ्टवेअर कंपनीवाले, शर्यतीच्या टीमचे मालक आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष. घटनेचा दिवस गेल्या दसऱ्याच्या आधीचा रविवार. साक्षीदार मेकॅनिक डग, माझी मुलगी मृणाल आणि मी स्वतः. हे आधी लिहून घ्या, कारण उभी हयात मी बार्शीच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहिले, शिक्षण नववीपर्यंतच, परंतु मी लिहिलेला अर्ज वाचून खुद्द वकील लोक मान डोलवीत, हे तुम्हाला बार्शीत कोणीही सांगेल.

मृणाल इथे फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेला खांदा घेऊन हा इसम तिच्याकडे आला आणि खांद्याबरोबर बाकीचेही जुळले. मी फोनवर विचारले, मुलगा करतो काय? ती म्हणाली, बाबा, रेस करतो. मी म्हणालो, गुडघा डांबराला घासून पोट भरणारा माणूस मला जावई म्हणून नको. काय सांगू तुम्हाला, मला त्या धंद्याची किळस होती आणि थोडी अजूनही आहे, शहाण्या माणसाने एवढ्या वेगाने जाऊन परत निघाल्या जागीच यायचे, यात मला आजवर अर्थ सापडलेला नाही.

परंतु माणसाची हकीकत सांगितली पाहिजे. स्पेनच्या डोंगरातले गाव, बापाचा ऑलिव्हच्या तेलाचा घाणा, त्या घाण्यामागच्या अंगणात हा पोरवयात गुडघ्याएवढ्या मोटारसायकलवर गोल गोल फिरला, मग देशपातळीवर खेळला, मग जगाच्या शर्यतीत लहान गटात, तिथे एकदा तिसरा आला, त्या दिवशी गावाने चर्चची घंटा वाजवली म्हणतो. पुढच्या वर्षी एका धनाढ्याच्या चिरंजिवांनी बापाच्या जोरावर त्याची जागा घेतली. म्हणजे तिथेही कारखेले असतातच, फक्त आडनाव वेगळे. मग हा अमेरिकेच्या शर्यतीत आला, या टीममधून त्या टीममध्ये, आणि शेवटी आमच्या कारखेल्यांच्या हाती लागला.

कारखेल्यांना मोटारसायकलमधले काय कळते? साखळीला चेन म्हणतात एवढे. त्यांना हवा होता फोटो. गोन्सालो पहिला आला त्या वर्षी गणपतीत शाल, श्रीफळ, आमचे गोन्सालोराव, महाराष्ट्राचे जावई, अशी भाषणे. हा बिचारा पुरणपोळी हातात घेऊन सगळ्यांना नमस्कार करीत होता.

आता त्या रविवारचे. हंगामातली शेवटची शर्यत, आणि कारखेले मंडळाची माणसे घेऊन ट्रॅकवर हजर, कारण दसरा जवळ आला, वाहनपूजा झालीच पाहिजे. शर्यतीच्या टायरला आधी गरम कांबळी गुंडाळून ठेवतात, गार टायर रस्ता धरत नाही. डग म्हणाला, नोबडी टचेस द बाइक. कारखेले म्हणाले, रिलॅक्स यार, माझीच बाइक आहे, दोन मिनिटांत फिनिश करतो. फोटोसाठी कांबळी काढली. कारखेले काकूंनी तुपाचे निरांजन पुढच्या चाकावरून ओवाळले, आणि वाकताना तूप सांडले, थेट तापलेल्या टायरवर. मी ओरडलो, अहो काकू, तूप सांडले! त्या म्हणाल्या, शुभ असतं हो काका. आणि ओढणीच्या टोकाने पुसले. पुसले कसले, सारवले! डग फडके घेऊन धावेतो शिट्टी झाली, मालकांनी ढकला म्हणून खूण केली आणि गोन्सालो गेला, त्याच्या हेल्मेटमध्ये यातले काही ऐकू आले नव्हते.

पहिल्याच वळणावर पुढचे चाक निसटले. खांद्याचे हाड मोडले, तोच खांदा, मृणालने जोडलेला. ती कठड्याला धरून उभी होती, ओरडलो मी.

पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात अध्यक्ष माइकवर काय बोलले? पूजा करूनही पडला, म्हणजे वय झाले, रिफ्लेक्स गेले, आम्ही त्या स्पॅनिशला लेट गो केले. काल गोन्सालोराव, आज तो स्पॅनिश! सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांनी ट्रॅकवर तूप डोळ्यांनी पाहिले त्यांनीही वाजवल्या, बटाटेवडे गरम होते आणि कोणाला वाईटपणा नको होता. मी एकेकाकडे पाहत होतो, सगळे ताटात पाहत होते.

आता खांदा जुळला आहे. दक्षिणेकडची एक टीम त्याला घ्यायला राजी आहे, तिचा प्रश्न एकच, धडधाकट माणूस पहिल्या वळणावर का पडला? जुन्या मालकाने लेखी सांगावे. डग बोलायला तयार आहे, परंतु तिथे मालकाचा शब्द चालतो. मी कारखेल्यांना फोन केला. म्हणाले, काका, लेट इट गो ना, काकूंना किती वाईट वाटेल, आणि देवाच्या कामाला नावं ठेवता? मी म्हणालो, देवाने तूप सांडले नाही.

याउपर या इसमाची रीत पाहा. परवा गॅरेजात सरावाची गाडी पुसत होता, आतून हळदीकुंकवाची कोयरी स्वतः आणली, म्हणाला, बाबा, प्लीज. माझे बोट धरून टाकीवर टेकवले. मग खाली वाकून पुढच्या टायरवर आपला टॉवेल पांघरला आणि हसला. मला त्या धंद्यात अजूनही अर्थ दिसत नाही. परंतु मंडळाच्या समस्त कार्यकारिणीला मिळून जेवढी अक्कल आणि अदब नाही, तेवढी त्या टॉवेलात होती.

सबब विनंती की, श्री. कारखेले यांनी येत्या दसऱ्यापूर्वी स्वतःच्या सहीने एवढेच लिहून द्यावे की गोन्सालो पडला तो तुपावरून, वयावरून नव्हे. काकूंचे नाव घालण्याची गरज नाही. शाल परत मागणार असल्यास ती घडी घालून ठेवली आहे. उत्तर माझ्या नावे न पाठवता त्याच्या नावे पाठवावे, आणि पाकिटावर नावापुढे पूर्वीसारखे राव लावावे.