खिडकीखालची शिट्टी

आमच्या गावात जिवलगांच्या टोळक्याला कोमितीवा म्हणतात. "कोमितीवाबरोबर जाते," म्हटलं की आई पुढं काही विचारत नसे. परवा दवाखान्यात शेजारच्या मायलेकींच्या बोलण्यात तो शब्द पुष्कळ वर्षांनी कानावर आला.

"आई, दवाखान्यात हे नाचाचे बूट कशाला?"

"इथून परस्पर सान रोक्कोच्या जत्रेला जाईन म्हणते."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? कोमितीवाबरोबर."

"अगं, एर्सीलिया गेली, दोनाता गेली. तू एकटीच उरलीस."

"मग काल संध्याकाळी खिडकीखालून शिट्टी कुणी वाजवली? एर्सीलियाच ती. दात पडल्यापासून तिच्या शिट्टीत हवाच जास्त, सूर कमी."

"डॉक्टरांना हेच सांगणार आहेस?"

"तूच सांग, तू शहाणी. शिट्टी झाल्याबरोबर खिडकी का लावलीस, तेही सांग."

"वारा होता."

"ऑगस्टच्या उकाड्यात?"

"मीही ऐकली, आई. म्हणूनच लावली. आज नको ना जाऊस."

"वेडी गं माझी. खिडकी लावून काय होतंय? खाली थांबल्यात त्या. कोमितीवा कुणाला मागं ठेवून जात नाही."