कुसाबाईंच्या गोळ्या

नाशिकच्या व्यसनमुक्ती ओपीडीबाहेर अंजली नवऱ्याला घेऊन नंबराची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर हरसूलच्या कुसाबाई आणि घामाने थबथबलेला त्यांचा मुलगा महेश. सिस्टरने त्याच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला.

“बसून एवढा वेळ झाला, तरी ठोके एकशे अठरा? शेवटची गोळी कधी घेतलीस?”

“कसली गोळी, सिस्टर? नुसती कणकण हाय.”

“कणकणीत अशा जांभया येत नाहीत. सवयीची गोळी बंद झाली की शरीर असं करतं. कुणाच्या गोळ्या?”

“माझ्या, बाई. कॅन्सरच्या दुखण्याच्या. मीच दिल्या त्याला.”

“आये, गप! सिस्टर, मी चोरल्या. गोळीवाचून ही लय कण्हायची, अन् मी भिंतीकडं तोंड करून पडायचो.”

“चोरल्या कशाला म्हनतो? डबी उघडी कोन ठेवायचं?”

“तुला माहीत व्हतं?”

“तू असा कापायला लागला की मला बघवायचं नाय रं.”

महेशने तोंड झाकून घेतलं. अंजलीच्या नवऱ्याने मान खाली घातली, आणि त्याच्या व्यसनाला स्वतःच पैसे पुरवणाऱ्या अंजलीनेही.