एक जूनची रांग

कामत : ...म्हणजे हिशेब सोपा आहे, दाक्षायणी. बारा वाजता विमा कंपनीचे पाहुणे येतात. भिंतीवरचा हा फलक हिरवा दिसला की मी उपाध्यक्ष, वर सिंगापूरची खुर्ची. लाल दिसला की जन्मभर टीमप्रमुख. मग यंत्रणा थांबवायला तू मला सांगतेसच कशी?

दाक्षायणी : सर, पहाटेपासून तीनदा फोन केला तुम्हाला. वर्षाच्या बाकी सगळ्या जन्मतारखांच्या रांगा मोकळ्या आहेत. एकट्या एक जूनच्या रांगेत दोन हजार तीनशे दहा माणसं अडकलीत. ऑपरेशनच्या विमा मंजुरीला.

कामत : माणसं नव्हेत, अर्ज. आणि एवढी एकाच दिवशी जन्मली कशी? तुमच्या हावेरीकडं मुहूर्त काढून बाळंतपणं करतात का?

दाक्षायणी : मास्तर करतात. शाळेत नाव घालताना तारीख कुणाला ठाऊक असते? मास्तर एक जून लिहून मोकळे. आमचे अप्पा, अव्वा, तिन्ही काका, सगळे एक जूनचे. जन्मतारखेवर रांगा पाडू नका, हे मी बैठकीत बोलले होते.

कामत : आणि सगळे हसले होते. मी तर पोट धरून.

दाक्षायणी : अजून मार्ग आहे. या एका रांगेचे वीस भाग करायचे, विमा कार्डाच्या शेवटच्या आकड्यांवरून. त्यामागच्या माहितीसाठ्याचेही तेवढेच. दहा मिनिटं यंत्रणा बंद राहील. मी सगळं तयार ठेवलंय, फक्त दुसरी मंजुरी तुमची लागते. एकटीला बदल करता येत नाही.

कामत : वाजले किती?

दाक्षायणी : अकरा वीस. पहाटे साडेपाचला आलेले अर्ज साडेअकराला आपोआप नामंजूर व्हायला लागतील. सहा तासांचा नियम.

कामत : होऊ देत की! नामंजूर झाला की अर्ज रांगेतून जातो. रांग आपोआप आखडेल, एक बोट न हलवता.

दाक्षायणी : तिकडं ऑपरेशनच्या टेबलावरून उतरवतात हो माणसाला. पुन्हा अर्ज केला तर नऊ दिवस.

कामत : बरं, रडू नको. देतो मंजुरी. पण यंत्रणा बंद केली की नोंद होते, आणि नोंदीला नाव लागतं. जन्मतारखेची कल्पना तुझी होती, असं लिहून वर पाठव.

दाक्षायणी : कल्पना तुमची होती.

कामत : अकरा बावीस.

दाक्षायणी : सर, मला कायम करायला अकरा दिवस राहिलेत.

कामत : तेवीस.

दाक्षायणी : ...लिहिलं. ‘जन्मतारखेवर रांगा पाडण्याची सूचना माझी होती.’ पाठवू?

कामत : सूचना नको, आग्रह म्हण. आणि ‘कामत सरांनी सावध केलं होतं’, हेही येऊ दे.

दाक्षायणी : घातलं. आता द्या मंजुरी.

कामत : नुसतं सावध? वारंवार सावध. आता वाचून दाखव. सावकाश, माझी कॉफी व्हायचीय.

(ती वाचते. तो दोनदा थांबवतो, शब्द बदलायला लावतो, पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगतो.)

दाक्षायणी : पाठवलं! एकोणचाळीस झालेत, सर!

कामत : ही घे मंजुरी. ओरडायचं काय त्यात?

दाक्षायणी : बंद केली... पडले भाग. वीसही चालू झाले. सुटतायत... सुटतायत अर्ज.

कामत : वा! बाराला चार कमी, आणि फलक हिरवागार. हाताला गुण आहे हो तुझ्या. किती निघाले?

दाक्षायणी : दोन हजार अठ्ठ्याण्णव. दोनशे बारा नामंजूर झाले. पहाटे सगळ्यात आधी आलेले तेच.

कामत : अहवालात लिही. नामंजूर दोनशे बारा, जबाबदार दाक्षायणी. आणि गळ्यातला पास खाली दारावर दे. तुझं पत्र वरच्यांनी वाचलंय.

दाक्षायणी : आजच?

कामत : जेवून जा, अम्मा. आज बिसीबेळे भात आहे.