शेवटची अकरा पानं

...आणि वर बाई मलाच विचारतात, "ओतिलिया, शेवट वाचून तुला काय वाटलं?" शेवट! अहो, कुठला शेवट? त्या एका वर्षात तीन गावं झाली, तिन्ही गावांत अभ्यासाला तेच पुस्तक, पहिलं पान मला आत्ता झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवते, आणि शेवट? शेवट राहिला!

तुम्हाला सांगते, ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी अकरावीत. खिशात फोन नव्हते, काही अडलं तर माणसाला विचारायचं आणि माणूस चुकीचं सांगायचा. पुस्तक कशाबद्दल? शेतमजुरांबद्दल. म्हणजे आम्हा मेक्सिकन मजुरांबद्दलच की! फरक एवढाच की ते लोक साठ वर्षांपूर्वीचे, गोरे, आणि त्यांच्यावर कुणीतरी पुस्तक लिहिलेलं. हार्लन नावाचा एक माणूस, त्याची बायको डेल्फिया, एक खिळखिळी मोटार आणि मोटारीच्या मागे दोरखंडानं बांधलेली लोखंडी शेगडी. निघालेत नाशपाती तोडायला. "अमेरिकेतलं अजरामर पुस्तक आहे हे," हॅल्व्हर्सन बाई म्हणाल्या, "परीक्षेला नक्की." असू दे बापडं अजरामर. पण मला एक सांगा, मजूर एका गावी टिकत नाही हे ज्या पुस्तकात लिहिलंय, ते मजुराच्या पोरीनं एका गावी बसून वाचायचं म्हणजे... नाही, मी तक्रार करत नाही हं. मी आपलं सांगते.

आमचं कॅलेंडर लेट्यूसचं. एप्रिल ते नोव्हेंबर कॅलिफोर्नियात सॅलिनास, थंडीत ॲरिझोनात युमा, मार्चमध्ये महिनाभर ह्युरॉन, की परत सॅलिनास. लेट्यूस जाईल तिकडे बाबा, बाबा जातील तिकडे पिकअप, पिकअप जाईल तिकडे आई आणि आईचा तवा, आणि तव्याशेजारी उरलेल्या जागेत मी.

तर सॅलिनासला ऑक्टोबरात पुस्तक सुरू झालं. पुस्तकं वर्गाची. घंटा झाली की बाई मोजून कपाटात ठेवायच्या, आणि कुणी पुढची पानं उलटताना दिसला की टेबलावर पट्टी, खाडकन! "पुढे काय होतं हे त्या हार्लनला ठाऊक नाही, मग तुम्हाला कशाला हवं?" बरोबर आहे, मी म्हटलं. अठ्ठ्याऐंशी पानं झाली. मोटार पुलावर बंद पडली, खाली नदी फुगलेली, मागे गाड्यांचे भोंगे... आणि सॅलिनासची लेट्यूस संपली. आम्ही निघालो. शेवट राहिला.

युमापर्यंत दहा तास. बाबांनी विचारलं, "शाळेत काय चाललंय?" आणि इथेच माझं चुकलं, मी गोष्ट सांगायला लागले. तुम्हाला सांगते, वीस वर्षं लेट्यूस कापणाऱ्या माणसाला मजुराची गोष्ट सांगू नये!

"थांब थांब. काम आहे की नाही हे न विचारताच निघाला? मुकादमाला फोन नाही केला?"

"बाबा, तेव्हा फोन कुठे—"

"मग पत्र टाकायचं! आणि ती शेगडी? मागचे टायर बसणार त्याचे, लिहून घे."

आईनं खिडकीकडे बघत म्हटलं, "शेगडी घेतली ते चांगलं केलं तिनं."

"शंभर किलोची शेगडी, तेंचा!" बाबा आईला म्हणाले.

"मग स्वयंपाक कशावर करायचा, टायरवर?"

बेकर्सफील्डपासून ॲरिझोनाच्या हद्दीपर्यंत शेगडी! हार्लन राहिला बाजूला, पूल राहिला बाजूला, या दोघांचं आपलं शेगडी, शेगडी, शेगडी. गाडीतून उतरताना बाबा म्हणाले, "पुलावरून सुटले की मला सांग."

युमाला प्रुइट सर. माणूस भला, पण सावकाश! पुस्तकं कमी, म्हणून सर स्वतः वाचून दाखवायचे, आणि सुरुवात कुठून? पहिल्या पानापासून. आणि दर परिच्छेदाला थांबणार, चष्मा काढणार, "मुलांनो, ही शेगडी कशाचं प्रतीक आहे?" वर्गात निम्मी पोरं आमच्यासारखी, ज्यांच्या घरात शेगडी म्हणजे शेगडी. शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, भुकेचं?" सर इतके खूश झाले की तो तास तिथेच संपला. मी घरी आले की बाबा दारात. "सुटले का पुलावरून?" नाही. "सुटले का?" नाही! फेब्रुवारी उजाडला तेव्हा कुठे मोटार पुलावरून हलली, त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला, जणू मीच ढकलली होती मोटार. मार्चमध्ये एकशे एकतिसाव्या पानावर ती दोघं नाशपातीच्या बागेपाशी पोचली, फाटक बंद, आत कुत्री भुंकतायत... आणि युमाची लेट्यूस संपली. शेवट राहिला.

ह्युरॉनला काय झालं असेल? तिथल्या वर्गात पुस्तक आदल्याच आठवड्यात संपलं होतं! खोक्यात भरून दुसऱ्या शाळेत रवानासुद्धा झालेलं. मी एका मुलाला विचारलं, शेवटी काय होतं रे? "सगळे मरतात." दुसरा म्हणाला, "छे! हार्लनला जमीन मिळते." तिसरी म्हणाली, "असं पुस्तक होतं आपल्याला?"

घरी आले तर बाबा विचारतात, "फाटक उघडलं?"

एप्रिलात परत सॅलिनास. ऑफिसातल्या बाईंनी माझे कागद पुढे घेतले. "हं. इंग्रजी. इथे पाव भाग, युमाला अर्धा, ह्युरॉनला पाव."

मी म्हटलं, "मिळून एक झाला की."

"नाही," त्या म्हणाल्या, "मिळून शून्य. पूर्ण विषय एकाच शाळेत व्हावा लागतो. पण जूनची परीक्षा पास झालीस तर वर्ष धरू."

आणि नाही झाले तर पुन्हा अकरावी. त्याच सुमारास आमच्या टोळीचा मुकादम, सेफेरिनो, बाबांना म्हणाला होता, "पोरगी उन्हाळ्यात अठराची होते ना? खोकी भरायला जागा आहे एक." वाईट माणूस नव्हता हो, त्याच्या मते तो उपकारच करत होता. बाबा "बघू" म्हणाले. बाबा तेव्हा चव्वेचाळीसचे होते आणि सकाळी बूट घालायला त्यांना आई लागायची. त्यांनी मला जागेबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला आईकडून कळलं, टॉर्टिया लाटता लाटता, माझ्याकडे न बघता.

हॅल्व्हर्सन बाईंना वाटलं मला सगळं येतं. "तू तर होतीस ना आपण वाचलं तेव्हा!" होते, अठ्ठ्याऐंशी पानांपर्यंत होते. वर्गातल्या पोरांना विचारलं तर इथेही तिघांचे तीन शेवट. परीक्षा जवळ आलेली, कपाटातली पुस्तकं ज्यांनी आधी मागितली त्यांच्या घरी, वाचनालयातली प्रत कुणीतरी नेलेली. शेवटी आमच्याच मजुरांच्या कॅम्पमधली फिदेलिना, तीन दारं सोडून राहायची, माझ्याच वर्गात, तिच्याकडे एक निघाली. "रविवारी बारा ते सहा तुझी. सहाला मला हवी, मी एक ओळ वाचलेली नाही अजून." म्हणजे हिला विचारायचीही सोय नाही!

परीक्षा सोमवारी. रविवारी बाराला मी पुस्तक पोटाशी धरून घराच्या मागे निघाले, म्हटलं, एकटी बसेन, गुपचूप वाचेन, दोन तासांत उडवेन. कसलं काय! बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, अंघोळ-बिंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून.

"वाच."

"बाबा, मला मनात वाचू द्या, उद्या परीक्षा आहे."

"मी नोव्हेंबरापासून थांबलोय."

आता काय बोलणार? बरं, म्हटलं, निदान शेवटचं प्रकरण आधी वाचू, मग मागचं बघू. तर म्हणाले, "ओळ मध्येच सोडून पुढे जायचं नाही. एकशे एकतीस. फाटक."

मग मी इंग्रजीत एक वाक्य वाचायचं, ते आपल्या स्पॅनिशमध्ये सांगायचं, की बाबांचा शेरा. तेवढ्यात आई वाटाणे घेऊन बसली, सोलायला. तेवढ्यात आणखी कोण यावं? मुकादम सेफेरिनो! स्वतःची खुर्ची घेऊन! आणि नेमका पुस्तकातला मुकादम आला, फाटकाआडून हार्लनला म्हणतो, माणसं भरली, निघा.

"खोटं आहे हे," सेफेरिनो म्हणाला.

"का? तू नाही असं म्हणत?" बाबा.

"म्हणतो. पण माणसं भरलेली असतील तरच म्हणतो! या लेखकानं मुकादमाची बाजू कुठे लिहिली? माझ्या डोक्यावर मालक, माझ्या पायाखाली तुम्ही..."

"आम्ही तुझ्या पायाखाली?"

"बोलायची पद्धत आहे, एलेउतेरियो!" सेफेरिनो बाबांना म्हणाला.

पाऊण तास! पुस्तक माझ्या मांडीवर उघडं, ऊन उतरायला लागलेलं, आणि हे दोघं मुकादमाच्या बाजूवर पाऊण तास भांडले. मी म्हटलं, "अहो, मी नापास होईन!" तेव्हा कुठे गप्प बसले. मग जरा वेग आला. फाटक उघडलं. तेव्हा बाबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मजुरी ठरल्यापेक्षा निम्मी मिळाली, तेव्हा सेफेरिनो बुटाकडे बघत बसला. डेल्फिया आजारी पडली, तेव्हा आईच्या हातातला वाटाणा हातातच राहिला. मग ती बरी झाली आणि एका सकाळी हार्लन बागेत गेलेला असताना झोपडीच्या उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघायला लागली. "काय ठरवलं तिनं?" आईनं विचारलं. मी पान उलटलं, एकशे एकोणसत्तर, आणि कोपऱ्यावरून फिदेलिना हजर. "सहा वाजले."

अकरा पानं हो! फक्त अकरा! बाबा म्हणाले, "पोरी, दहा मिनिटं." सेफेरिनो म्हणाला, "मी तुझ्या वडिलांना ओळखतो." फिदेलिना म्हणाली, "तेच म्हणाले सहाला आण." आणि पुस्तक घेऊन गेली. शेवट राहिला!

सकाळी शाळेच्या बसमध्ये मी तिला गाठलं. काय झालं गं? डेल्फियानं काय केलं? तर म्हणते, "दुसऱ्याच पानाला डोळा लागला."

आणि पेपर हातात आला. छोटे प्रश्न जमले. पूल, फाटक, शेगडीचं प्रतीक, भूक-बीक सगळं लिहिलं. उलटून बघते तर शेवटचा प्रश्न, चाळीस गुणांचा: "शेवटच्या प्रकरणात डेल्फियानं जे केलं ते योग्य की अयोग्य? सविस्तर लिहा."

काय केलं तिनं? माणूस मारला? लॉटरी काढली? मी पाच मिनिटं पेन चावलं. तो प्रश्न कोरा ठेवला असता तर पास व्हायला लागणारे साठ होत नव्हते, साठ नाही तर सेफेरिनोची खोकी. मग मी लिहिलं: "डेल्फियानं जे केलं ते तिनं विचार करून केलं." हे तर खरंच, उंबऱ्यात किती वेळ उभी होती! मग लिहिलं, तिनं जे केलं ते केलं नसतं तर हार्लननं ते कधीच केलं नसतं. मग लिहिलं, सतत गाव बदलणाऱ्या घरात काय सोडायचं आणि काय बरोबर घ्यायचं हे बाई ठरवते आणि कुठे जायचं ते पीक ठरवतं, पुरुषाला फक्त वाटतं की गाडी तो चालवतो. हे कुठून आलं कुणास ठाऊक. लिहिता लिहिता मला आईची पाठ दिसत होती, दर नोव्हेंबरात पिकअपमध्ये सामान लावताना, एक खुर्ची उचलते, बघते, परत खाली ठेवते. ते लिहिलं. म्हणून तिनं जे केलं ते योग्यच, असं लिहून खाली रेघ मारली. साडेतीन पानं! काय केलं त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही!

चाळीसपैकी चौतीस! एकूण त्र्याहत्तर! मी पास! आणि बाईंनी मला वर्गात उभं केलं. "ओतिलियाचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. घडलेलं पुन्हा सांगत बसली नाही, थेट अर्थाला हात घातला. ओतिलिया, शेवट वाचून तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, "बाई, अजून त्यातून बाहेर आले नाही."

बाईंचे डोळे भरून आले. खरंच. कपाटातली एक प्रत काढून त्यांनी मला बक्षीस दिली, आत नाव लिहून.

घरी येऊन आधी पास झाल्याचं सांगितलं. आईनं ओले हात तसेच माझ्या गालाला लावले. बाबा उठले, सेफेरिनोच्या दारापर्यंत गेले, त्याला म्हणाले, "ती खोकी भरायची जागा दुसऱ्या कुणाला दे," आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसले.

"वाच."

वाचली अकरा पानं, एका दमात. डेल्फिया रस्त्यापर्यंत चालत जाते. बस येते. ती चढते. हार्लन बागेतून पळत येतो, धूळ दिसते, बस दिसत नाही. संपलं.

मग आई म्हणाली, "बरोबर केलं तिनं," आणि आत गेली. बाबांनी आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"तुझं इंग्रजी कच्चं आहे."

"बाबा, त्र्याहत्तर मिळाले मला!"

"ती अशी जाणार नाही. मध्ये काहीतरी सुटलंय. पुन्हा वाच."

"कुठून?"

"पहिल्या पानापासून."

काय करता? जून होता, लेट्यूस सॅलिनासलाच होती, नोव्हेंबरपर्यंत कुठे जायचं नव्हतं. वाचलं.