गौरव्वाचं गाणं कोणी म्हणायचं?

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका. माणूस गेल्यावर त्याचं मागे काहीतरी राहतं. ते कशाने मरतं? वैऱ्याने मारल्याने? का आपल्याच माणसांनी आपापला मान सांभाळल्याने?

नागनकोडी नावाचं गाव. मधून ओढा. अलीकडचं अर्धं गाव एका राज्यात, पलीकडचं दुसऱ्यात. अलीकडे मराठी, पलीकडे कानडी. शाळा वेगळी, वीज वेगळी, आमदार वेगळा. दोघांत मिळून एकच गोष्ट — कबड्डीचा संघ! प्रेमापोटी नव्हे हो. एका काठाला सात धड खेळाडू मिळत नव्हते म्हणून.

संघाचे वस्ताद सत्याप्पा, मराठी काठाचे. बायको गौरव्वा, कानडी काठाची लेक. त्या भागातली रीत अशी, की यात्रेच्या सामन्याआधी प्रत्येक संघ रेषेवर उभा राहून गावाचं गाणं म्हणतो. आता नागनकोडीने कुठलं म्हणावं? पोरं सरावालाच त्यावरून गचांड्या धरायची.

तेव्हा गौरव्वाने भाकरी थापता थापता गाणं बांधलं. एक ओळ कानडी, एक मराठी. कानडी ओळ विचारते, "यार बंदार बागलक?" — दारात कोण आलंय? मराठी ओळ सांगते, "आपलीच पोरं, ताटं वाढा." झालं गाणं. पण बाईने एक अट घातली. कानडी ओळ मराठी पोरांनी म्हणायची, आणि मराठी ओळ कानडी पोरांनी.

सत्याप्पा म्हणाले, हे उलटं कशाला? तर म्हणाली, "आपली भाषा काय, कशीबी बोलतंय माणूस. दुसऱ्याची बोलताना तोंड जरा सांभाळून उघडतंय."

मराठी पोरांचं कानडी ऐकून पलीकडच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. कानडी पोरं बिचारी 'आपलाच पोरं' म्हणायची. चालायचं. बरीच वर्षं चाललं.

मग गौरव्वा गेली. तापाने गेली, पडवीत खाट टाकली होती तिथेच.

घरातलं माणूस गेल्यावर काय होतं, सांगू? दुःख मोठं नसतं, मंडळी. बारीक असतं. आपण सहज म्हणतो, अगं, पाणी आण जरा — आणि मग कळतं, आपणच उठायचं आहे. सत्याप्पांना एवढंच हवं होतं, की यात्रेला तिचं गाणं व्हावं. तेवढा वेळ तरी ती बोलेल.

आणि नेमकं त्याच वर्षी सीमेचं भांडण पेटलं. पाट्यांना काळं फासलं, एसट्या बंद. अलीकडच्या सरपंचांनी आपल्या पोरांना बोलावून सांगितलं, कानडीचा एक शब्द तोंडातून आला तर गावात पाऊल ठेवू नका. पलीकडच्या पंचायत अध्यक्षांनी आपल्या पोरांना तोच दम मराठीसाठी भरला. दोघे घरी जाऊन समाधानाने जेवले. आपल्या भाषेचा मान राखला!

अहो, पण आपली भाषा ठेवली होती कुणाच्या तोंडात? समोरच्याच्या! दोघांनी दुसऱ्याची भाषा बंद केली, आणि दोघांचीही बंद पडली. आहे की नाही शहाणपण?

सत्याप्पा दोघांच्या दारात गेले. सरपंच म्हणाले, वहिनी चांगल्या होत्या, पण दिवस बरे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. अध्यक्षांनी चहा पाजला आणि हेच सांगितलं. कानडीत.

यात्रेचा दिवस आला. मैदान भरलं. हलगी वाजली. नागनकोडीची सात पोरं रेषेवर उभी, सातही तोंडं मिटलेली. हलगीवाला चाल फिरवून फिरवून वाजवतोय. समोरचा संघ हसायला लागला.

सत्याप्पा पुढे आले. गळा मुळीच नव्हता त्या माणसाला. तरी म्हणाले, "यार बंदार बागलक?" आणि थांबले. घरी हे असंच चालायचं. ते दारातून विचारायचे, ती चुलीपाशी बसून उत्तर द्यायची.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

पुन्हा म्हणाले. कप्तान बाळगोंडा, पलीकडचा पोरगा. गौरव्वाच्या हातचं खाऊनच वाढलेला. त्याने मान खाली घातली आणि फक्त वस्तादांना ऐकू जाईल इतकं हळू म्हणाला, "वस्ताद, पुरे करा. बाबा हुबं हायत तिथं."

सत्याप्पा मागे सरले आणि कडेला मातीत बसले. हलगी थांबली.

सामना जिंकले, बरं का! पण पुढच्या वर्षी दोन काठांचे दोन संघ झाले. अलीकडे चार पोरं, पलीकडे तीन. खेळणार काय? आज अलीकडच्यांना नुसता प्रश्न पाठ आहे, पलीकडच्यांना नुसतं उत्तर. गौरव्वा तापाने मेली होती. आता ती दुसऱ्यांदा मेली, आणि या वेळी कोणाला सुतकही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, त्या गावाचं वाईट झालं. त्या गावाचं राहू द्या. मला इथून तुमचा मांडव दिसतोय. पाण्याच्या टाकीवरून तुमच्यात दोन तट पडले. एक डावीकडे बसलाय, एक उजवीकडे, आणि मधली सतरंजी रिकामी. सख्खे भाऊ आहेत यात. मला नावं माहीत आहेत, घेत नाही.

जिवंत माणूस हाक मारतोय तोवर ओ द्या रे. नंतर द्यायची म्हटलं तर कोणाला देणार?

आता डावीकडच्यांनी 'विठोबा' म्हणायचं, आणि उजवीकडच्यांनी 'रखुमाई'. टाळकरी, तुम्ही मधे पडू नका. त्यांचं त्यांना म्हणू द्या. मी थांबलोय.