सिममध्ये काही खोट नव्हती

...आणि आता येतो तो माणूस त्या सिमलाच नावं ठेवतो! परदेशातलं सिम, त्याचा काय भरवसा, असं म्हणतो, चहा पितो, मान हलवतो आणि जातो. नाही हो! तुम्हाला सांगते, सिममध्ये काही खोट नव्हती. कोरं करकरीत सिम, पासपोर्ट दाखवून घेतलेलं, तोंडाचा फोटो काढून घेतलेलं, आणि वाजत होतं... आमच्याच घरात वाजत होतं! पण हे असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार, बाबांपासूनच सांगते.

बाबांचं, म्हणजे अंकुशरावांचं, सेलूत कृषी केंद्र आहे. बियाणं, औषधं, फवारणीचे पंप. बियाण्याची कंपनी दुकानदाराला टार्गेट देते, इतकी पाकिटं विका आणि फॉरेनला चला. बाबा दरवर्षी थोडक्यात हुकायचे आणि कंपनी छत्री द्यायची. घरात अकरा छत्र्या आहेत, माणसं पाच! आणि यंदा टार्गेट पूर्ण झालं. केव्हा? आजीने अंथरूण धरलं त्या वर्षी. व्हिएतनाम, सहा दिवस, जोडीनं. जायचं नसेल तर नका जाऊ, पण बदल्यात काही नाही. छत्रीसुद्धा नाही.

आजी, अनुसयाबाई, आठ महिन्यांपासून पडून होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोनच शब्द उरले होते, 'हो' आणि 'अंकुश'. बाकी सगळं डोळ्यांनी. बाबा म्हणाले, "मी नाई जात." डॉक्टर म्हणाले, "जाऊन या, असं तर वर्षभरही चालतं." अण्णाजी म्हणाले, "जाय गा, मी हावो ना घरी." अण्णाजी म्हणजे बाबांचे वडील, आमचे आजोबा, पण सगळा गाव अण्णाजी म्हणतो म्हणून घरातही अण्णाजीच. तरी बाबांचा पाय निघेना. शेवटी आजीलाच विचारलं, "आई, जाऊ का वं?" आजी म्हणाली, "हो." झालं! सगळे खूश, आजीनं परवानगी दिली... आता तिला 'नाही' म्हणता येतच नव्हतं, हे एकाच्या तरी डोक्यात यावं की नाही?

निघताना बाबा तिच्या उशाशी बसले. "रोज संध्याकाळी सातले फोन करीन, आई. अण्णाजी तुह्या कानाले लावून देतीन. तू निस्तं आयकजो." आजी म्हणाली, "हो." बस. एवढंच काम होतं त्या सिमला. लेकाचा आवाज आईच्या कानापर्यंत न्यायचा. विमान नाही उडवायचं, बोट नाही चालवायची.

आमच्याकडे फोन दोन. आईचा, म्हणजे मोहिनीचा, तिसरा होता, तो दिवाळीत पाण्याच्या टाकीत पडला. तेव्हा बाबांचा टचचा त्यांच्याबरोबर गेला आणि घरी राहिला अण्णाजींचा बटणाचा. मला नाही, दहावीचं वर्ष. आई-बाबा रविवारी निघाले, सोमवारी तिकडे उतरले, आणि बाबांनी फोन काढला तर फोन मुका! बाबा बघत राहिले. "असा कसा? रिचार्ज तं तीन महिन्याचा मारला! नागपूरले चालते, अमरावतीले चालते, मंग इथं काऊन नाई चालत?" समोर सिमची दहा काउंटरं, तुम्हाला सांगते, दहा! हात लांब केला की सिम. पण टूरमध्ये होते कारंज्याचे रामाजी. दुकान त्यांचंही बियाण्याचंच, आणि पूर्वी एकदा दुबईला जाऊन आलेले, म्हणजे विषयच संपला. "अंकुशभाऊ, येडे झाले काय? इथं लुटते. मी दुबईले गेलतो ना, तवा शिकलो. शहरात घेऊ, आरामात."

शहरात गेले. दुकानातल्या मुलीनं हात पुढे केला, "पासपोर्ट." पासपोर्ट कोणाकडे? आदेशकडे. आदेश टूर मॅनेजर. त्यानं विमानातून उतरल्याबरोबर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून पोटाला बांधलेल्या पट्ट्यात कोंबले होते. "काका, तुम्ही हरवसान. माह्याजवळ सेफ हाये." आणि आदेश कुठे? दुसऱ्या बसमध्ये. दुसरी बस कुठे? देव जाणे. बाबांनी आधार कार्ड दाखवलं. मुलगी हसली. पॅन कार्ड दाखवलं. परत हसली. बियाणं विक्रीच्या परवान्याचा फोटो दाखवला, त्यावर तर साहेबाची सही आणि शिक्का! मुलीनं हात जोडले.

इकडे सोमवारी सात वाजता अण्णाजी धुतलेला शर्ट घालून आजीच्या खाटेजवळ बसले. फोन चार्ज केलेला, आवाज वाढवलेला. आजी फोनकडे बघते, अण्णाजी घड्याळाकडे, मी दोघांकडे. आठ वाजले. आजी म्हणाली, "अंकुश." अण्णाजी म्हणाले, "विमानात असंन."

मंगळवारी बाबांनी आदेशला रात्रीच्या जेवणाच्या टेबलावरच पकडलं आणि थेट दुकानात नेलं. पासपोर्ट दिला. मुलीनं तोंडाचा फोटो काढला. बाबा हसले, फोटो नाही आला. नाही हसले, तरी नाही आला. चष्मा काढला, टिळा पुसला, आई बाजूनं म्हणते, "जरा माणसासारखं उभे राहा ना!" पाचव्यांदा आला. मग सिम घालायला ती खिडकी उघडायची, तर त्याची पिन सापडेना. आईनं पदराची सेफ्टी पिन काढून दिली आणि आमचं इकडचं सिम कुंकवाच्या डबीत ठेवलं. म्हणजे बाबांचा जुना नंबर गेला डबीत, हे लक्षात ठेवा. मुलगी म्हणाली, "डन!" बाबा म्हणाले, "थांब बाई, आधी आईशी बोलू दे." लावला नंबर. पलीकडून गोड आवाजात एक बाई काहीतरी बोलायला लागली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, जरा अनुसयाबाईले देता का?" रामाजी ओरडले, "अहो, रेकार्ड हाये ते! देशाचा नंबर कुठी लावला तुम्ही?"

मग अधिकचं चिन्ह लावलं, त्यापुढे एक्याण्णव, आणि... वाजला! "मोहिने, वाजून राह्यला! वाजून राह्यला वं!" सांगितलं ना, सिममध्ये काही खोट नव्हती! तिथून निघालेली घंटी समुद्र, डोंगर, काय काय ओलांडून सेलूत आमच्या घरात, आजीच्या खाटेजवळ येऊन वाजली. आपल्याकडचे संध्याकाळचे बरोबर सात.

अण्णाजींनी फोन लांब धरला. त्यांना बारीक दिसत नाही. "आचल, कोणाचा हाये पाय बरं." मी पाहिलं. अधिक, आठ, चार... एक्याण्णव नाही.

आता इथे मला थोडं माझं सांगावं लागेल. उन्हाळ्याआधी आमच्या शाळेत मोबाइलवरच्या फसवणुकीचा कार्यक्रम झाला. मी वर्गात बोलत नाही कोणाशी, पण कागद दिला तो घरी आणला आणि अण्णाजींना वाचून दाखवला. नियम पहिला, विदेशातला अनोळखी नंबर उचलू नका. नियम दुसरा, तो नातेवाइकाचं नाव सांगेल, रडेल, अर्जंट म्हणेल, भुलू नका. अण्णाजींना तो कागद इतका आवडला की खळ लावून कॅलेंडरशेजारी चिकटवला. येईल त्याला म्हणायचे, "आमच्या आचलनं शिकवलं. आता कोणाच्या बापाची हिंमत नाई."

तेव्हा मी म्हटलं, "अण्णाजी, विदेशातला आहे."

अण्णाजी म्हणाले, "काट."

मी कापला.

तिकडे बाबा. "कटला." परत लावला. इकडे, "काट." परत लावला. "काट! लय बदमाश हायेत, बरोबर सातले लावते. त्यायले मालूम हाये आपण कोणाची वाट पाहून राह्यलो." चार वेळा मीच कापला. पाचव्यांदा अण्णाजींनी अंगठ्यानं चाचपून स्वतः कापला आणि म्हणाले, "शिकलो मी." आजी म्हणाली, "अंकुश." मी म्हटलं, "नाही आजी, चोर आहे." कोणीतरी सांगा ना, मी दुसरं काय म्हणायला पाहिजे होतं?

बाबांना वाटलं, सिमच खराब. बुधवारी सगळी टूर बोटीनं गेली गुहा बघायला, आणि बाबा-आई परत त्याच दुकानात. मुलीनं त्या नंबरावरून आपल्या फोनवर लावून दाखवला, वाजला. आपल्या फोनवरून त्यावर लावला, वाजला. सिम काढून फुंकर मारली, परत घातलं, वाजला. बाबा खाणाखुणा करतात, "माय मदर... टिंग टिंग... कट!" ती मुलगी, तुम्हाला सांगते, परदेशातली मुलगी, आमची कोण लागते? पण आई म्हणते, तिचे डोळे भरून आले. संध्याकाळी बोटीवरून परतलेले रामाजी मात्र, "काऊन एवढे घाबरता, अंकुशभाऊ? घरी काही कमीजास्त असतं तं फोन नसता आला काय?" फोन! कोणत्या नंबरावर? इकडे अण्णाजी रोज साडेसातला बाबांचा जुना नंबर लावायचे. आधी फोनमधली रेकॉर्डवाली बाई सावधान करायची, फसवणूक होऊ शकते, ते अण्णाजी मान डोलावून पूर्ण ऐकायचे, आणि मग नंबर बंद. बंदच असणार, कुंकवाच्या डबीत होता तो! "विमानातच असंन," अण्णाजी म्हणायचे. तीन दिवस विमानात!

बरं, बाबांनी डोकं लावलं नाही असंही नाही. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडलं. त्यानं विचारलं, नंबर बदलला का? बाबा खरं बोलणारे माणूस, 'हो' दाबलं. आणि शेजारच्या नीलेशकाकांना मेसेज टाकला, 'मी अंकुश. हा माझा नवीन नंबर. अण्णाजीले फोन उचलायले सांग. अर्जंट आहे.' गुरुवारी सकाळी नीलेशकाका आले ते छाती काढूनच. "अण्णाजी, कमाल झाली! अंकुशचं नाव घेऊन मेसेज मारला चोट्ट्यानं. तुमचं नावही मालूम हाये त्याले. विदेशातला नंबर. ब्लॉक करून टाकला." अण्णाजींनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. "नियम दुसरा. नाव सांगते, अर्जंट म्हणते. बस, बस, च्या घे." आणि दोघांनी चहा घेतला. सिममध्ये काही खोट असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी अण्णाजींनी फोन खाटेपासून दूर नेऊन भिंतीतल्या देवळीत ठेवला. म्हणाले, घंटीनं तिचा जीव घाबरा होते. आजी दिवसभर जेवली नव्हती. सात वाजले, घंटी वाजली, आजीनं मान वळवली. घंटी बंद झाली तरी मान तिकडेच. "अंकुश," ती म्हणाली, "हो... अंकुश... हो." एवढं तर ती आठ महिन्यांत बोलली नव्हती! अण्णाजी म्हणाले, "आज बरी दिसते."

शुक्रवारी दुपारी चार वाजता आजी गेली.

माणसं जमली. अंकुशला कळवा, अंकुशला कळवा, सगळे एकमेकांना सांगतात आणि कळवत कोणीच नाही. कंपनीच्या नागपूरच्या साहेबांना लावला, ते मीटिंगमध्ये. टूरवाल्यांच्या ऑफिसला लावला, तिथे हिंदी गाणं वाजत राहिलं, व्हिएतनामचं पॅकेज घ्यायचं असेल तर एक दाबा. नीलेशकाकांनी ब्लॉक केलेला नंबर उघडून बघितला, परत बघितला, आणि ओट्यावर जाऊन बसले. कोणाला काही बोलले नाहीत. बाया आत रडत होत्या, आजीला खाली घेतलं होतं, उशाशी दिवा लावला होता, आणि देवळीतला फोन वाजला.

सात वाजले होते.

अण्णाजी उठले. मी म्हटलं, "अण्णाजी..." ते म्हणाले, "उचलतो आज. आता चोरानं न्यायसारखं राह्यलं काय घरात?" आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.

"लागला! लागला वं मोहिने, लागला एकदाचा!" बाबा इतक्या जोरानं ओरडले की ओट्यापर्यंत ऐकू गेलं. "हॅलो अण्णाजी! अहो, सिमच फालतू भेटलं होतं! चार दिवसापासून लावून राह्यलो! थांबा, पैसे कमी हायेत याच्यात, काही बोलू नका. पह्यले आईच्या कानाले लावा."

अण्णाजींचं तोंड उघडलं. मिटलं. बघा, ते बोलू शकत होते, त्यांची काही वाचा गेली नव्हती. पण लेकानं सांगितलं होतं, काही बोलू नका, कानाला लावा... ते खाली बसले, आजीच्या तोंडावरचे केस मागे केले, आणि फोन तिच्या कानाला लावला.

"आई, मी अंकुश. आयकू येते ना? इथं भात मस्त भेटते वं, आपल्यासारखाच. मोहिनीले बसमध्ये उलटी झाली. तू जेवली का? मी उद्या येतोच. तुह्यासाठी एक मऊ चादर घेतली..." आजी उत्तर देत नव्हती, त्याचं बाबांना काही वाटलं नाही. आठ महिन्यांची सवय. ते थांबायचे, तिच्या 'हो'पुरती जागा सोडायचे आणि पुढे बोलायचे. खोलीत वीस माणसं. एकानं म्हटलं नाही, अरे थांब रे म्हणून.

तीन मिनिटं बोलले असतील. मग बॅलन्स संपला आणि फोन आपोआप बंद पडला.

तेवढा एक, तुम्हाला सांगते, आम्ही नाही कापला.