जिच्यावाचून अडतं

डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर एका बाईचं बाळ नुकतंच तिच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून ती जागची हलली नाही. शेजारी दोघी नणंद-भावजया बोलत होत्या, ते तिच्या कानावर पडत होतं. भावजयीच्या मांडीवर तापलेली लेक होती.

"मग वहिनी, झालं का प्रमोशन?"

"झालं ना. शेजारच्या टेबलवाल्याचं."

"त्याचं? त्याचे घोळ तर तुम्हीच निस्तरता."

"म्हणूनच. मोठे साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय विभागात पान हलत नाही, तुम्हाला वर कसं पाठवू?"

"आणि त्याला?"

"त्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही. अगदी मोकळा होता बिचारा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"छे, टाळ्या वाजवल्या. आजची रजासुद्धा त्याच्याकडेच मागितली."

"फोन वाजतोय तुमचा. नवे साहेबच दिसतायत."

"हॅलो सर. हो, दवाखान्यातच आहे, लेकीचा ताप उतरत नाहीये. महिन्याचा अहवाल कसा काढायचा? सांगितलं असतं हो सर, पण तो तुम्हाला जमायला लागला, की तुमचं पुढचं प्रमोशन अडेल. एवढं पाप माझ्या हातून नको."

भावजयीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि लेकीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.